टर्बो गाडीत वेगळा बूस्ट गेज हवा की नको?

सुईवेडा (धागाकर्ता):
माझ्या मते टर्बो पेट्रोल गाडीत बूस्ट गेज, म्हणजे टर्बो इंजिनात किती जादा दाबाने हवा ढकलतो ते दाखवणारं सुईचं मीटर, हवाच. गेल्या महिन्यात चढावर गाडी जड वाटायला लागली. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. पण एरवी तिसऱ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ०.९ बारला टेकणारी सुई ०.६ च्या पुढे जाईना. बॉनेट उघडलं, तर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) होजच्या तोंडाशी तेलकट ओघळ, त्यावर चिकटलेली धूळ. क्लॅम्प ढिला झाला होता. तो आवळला, सुई परत ०.९ वर. गेज नसता तर पेट्रोलच खराब मिळालं असं समजून तशीच चालवत राहिलो असतो.

ओबीडीप्रेमी:
साफ असहमत. मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा भाग) प्रेशर सेन्सर असतोच. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणीचं सॉकेट) डोंगल लावा, मोबाईलवर आकडा दिसतो. गेज जोडण्यासाठी चांगली व्हॅक्यूमची नळी कापून त्यात टी-जोड कशाला? तो जरा ढिला राहिला की न मोजलेली हवा आत जाते आणि आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू राहणं) बिघडतं. मित्राच्या गाडीत हेच झालं. टी-जोड काढला, त्रास गेला.

सुईवेडा:
जोड नीट बसवायला हवा, मान्य. नळी थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पुढे, मॅनिफोल्डवरूनच घ्यायची. ब्रेक बूस्टरच्या (ब्रेकला जोर देणारा भाग) नळीला हात लावायचा नाही, एक्झॉस्टपासून लांब ठेवायची. इलेक्ट्रॉनिक गेज घेतला तर सेन्सर इंजिनाकडेच राहतो, केबिनमध्ये फक्त वायर येते.
आणि डोंगलवर १९० किलोपास्कल दिसले म्हणजे तेवढा बूस्ट नव्हे. त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण १०० वजा करा, उरतात ९०, म्हणजे माझे ते ०.९ बार. उंचावर हवेचा दाबच कमी, तिथे १०० वजा करून चालत नाही. इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन चालू करा, तेव्हा दिसतो तो आकडा वजा करायचा.

डिझेलवाला:
माझी सुई आयडलिंगला शून्यावरच असते. गेज खराब आहे का?

सुईवेडा:
नाही दादा. पेट्रोलमध्ये थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, म्हणून आत व्हॅक्यूम तयार होतो. इंजिन गरम असताना साधारण १८ ते २२ इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं एकक) दिसतो. डिझेलमध्ये हवा तशी अडवलेली नसते, त्यामुळे शून्याच्या आसपास बरोबर आहे. तुम्ही फक्त बूस्टची बाजू बघा.

ओबीडीप्रेमी:
इग्निशनचा मुद्दा पटला, उद्याच आकडा टिपून ठेवतो. तरी नळी कापणार नाही. माझी खरी धास्ती वेगळी आहे. सुई दिसायला लागली की माणसाला ती आणखी वर न्यावीशी वाटते, मग बूस्ट वाढवण्याचे उद्योग सुरू होतात. कंपनीने ठरवलेल्या दाबाच्या वर गेलं की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणं) होऊन पिस्टन जाऊ शकतो.

सुईवेडा:
म्हणूनच आधी गाडी जशी आली तशी आठवडाभर चालवा आणि कुठल्या गिअरला सुई कुठे थांबते ते लिहून ठेवा. एक दिवस ती त्याच्या वर गेली, तर पाय काढा आणि वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) तपासून घ्या.