ऑप्टिकल नेटवर्क आणि बसचं डीटीएन, सरांना यात काय दिसतंय?

कांजूर_एमटेक:
प्रोजेक्टचा विषय शुक्रवारी द्यायचाय. मला गाड्यांमधलं डीटीएन (डिले टॉलरंट नेटवर्क) करायचंय, म्हणजे बेस्टच्या दोन बसेस क्रॉस होताना एकमेकींना डेटा देणार, मध्ये नेट नसलं तरी माल पोचणार, उशिरा का होईना. सर म्हणतात आधी ऑप्टिकल बर्स्ट स्विचिंग वाच. आता फायबरमधला हिशोब मायक्रोसेकंदांचा आणि माझी बस सायन सर्कलला अर्धा तास उभी, संबंध काय? की स्वतःचा जुना विषय माझ्या गळ्यात मारतायत?

सांधेवाला:
सरांवर इतक्यात चिडू नकोस. प्रकाश साठवायला रूटरसारखी मेमरी नाही, फार तर फायबरच्या वेटोळ्यात फिरवत ठेवायचा, आणि एका किलोमीटरला मिळतात जेमतेम ५ मायक्रोसेकंद. म्हणजे एक मिलिसेकंद थांबवायला २०० किमी फायबर, सीएसएमटी ते पुणं रेल्वेने १९२ आहे, त्याच्याही पुढे गेलास तू! म्हणून १९९९ मध्ये छियाओ आणि यू यांनी ओबीएस, म्हणजे सरांचं ते ऑप्टिकल बर्स्ट स्विचिंग, मांडलं, बरीच पॅकेट एकत्र बांधून बर्स्ट करायचा आणि त्याच्या आधी छोटं कंट्रोल पॅकेट वेगळ्या वेव्हलेंथवरून पुढे पाठवायचं, माल येतोय, वाट मोकळी ठेव. कुर्ल्याला फास्ट यायच्या आधी सांधे बदलून सिग्नल पडलेला असतो ना, तसं. फरक एवढाच की लोकल सिग्नलला थांबते, बर्स्टला वाट मिळाली नाही तर तो गेलाच.
२००९ मध्ये सोआरेस, फराहमंद आणि रॉड्रिग्ज यांनी हीच युक्ती गाड्यांना लावली, व्हीडीटीएन (व्हेइक्युलर डीटीएन) म्हणून शोध. कमी पॉवरचा कंट्रोल रेडिओ कायम चालू, समोर गाडी आली की वेग, दिशा, बफरमध्ये जागा किती हे बोलून घ्यायचं आणि मगच डेटाचा रेडिओ चालू करायचा. शिवाय बंडल लेयर, म्हणजे डेटाचे गठ्ठे (बंडल) हाताळणारा थर, आयपीच्या खाली, नेहमीच्या डीटीएनमध्ये तो वर असतो.

कांजूर_एमटेक:
पण दादा, बोलण्यातच वेळ गेला तर?

सांधेवाला:
हायवेवर दोन्ही बाजूंनी ६० चा स्पीड, रेंज १०० मीटर. दोघींचा मिळून सेकंदाला ३३ मीटर, भेटायच्या आधीचे १०० आणि नंतरचे १०० असे २०० मीटर पार करायला ६ सेकंद. ६ एमबीपीएस धरलंस तर साडेचार एमबी, बस. आता तूच सांग, कुठला बंडल आधी द्यायचा हे त्या सहा सेकंदांत ठरवत बसणार की रेंजमध्ये यायच्या आधी? अर्थात त्यासाठी कंट्रोलची रेंज डेटापेक्षा जास्त हवी, तिथेच तुझा प्रोजेक्ट आहे बघ.

वडाळा_डेपो:
थिअरी ठीक, पण ओबीएस बाजारात काही चाललं नाही, त्यातली कल्पना घे आणि काम डीटीएनमध्येच कर. डीटीएनसाठीचा वन (ONE) सिम्युलेटर वापर, जावात आहे, सोबत हेलसिंकीचा नकाशा येतो. मी हौसेने ओपनस्ट्रीटमॅपवरून मुंबई टाकली आणि दोन दिवस एकच एरर, रस्ते एकमेकांना जोडलेले नाहीत म्हणे. सगळी मुंबई पालथी घातली आणि शेवटी सापडलं काय तर घारापुरीच्या पायवाटा! चौकोन कापताना बेट पण आत आलं होतं, आणि तिथे बस जाणार कुठून. आणि एपिडेमिक राऊटिंगवर थांबू नकोस, तो भेटेल त्याला कॉपी देतो, बफर लगेच भरतात, मोजक्याच कॉपी वाटून थांबणाऱ्या स्प्रे अँड वेटशी तुलना कर.

कांजूर_एमटेक:
घारापुरी 😂 सरांना उद्या कंट्रोल रेंजचं विचारतो. गळ्यात मारलं वगैरे लिहिलंय ते एडिट करता येतं का इथे?