लस आणि जंत: दोन्ही पाहायला हवं

"सगळ्या लसी वेळेवर झाल्यात, मग जंताची गोळी कशाला?" असं काही पालक म्हणतात, पण हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. माणसांच्या पोटातल्या जंतांवर आजही कुठलीच लस वापरात नाही. उलट जंतांमुळे प्रतिकारशक्तीचा कल बदलतो आणि काही लसींचा परिणाम कमी पडू शकतो. इथिओपियात जंत असलेल्यांना आधी अल्बेन्डाझोल हे जंताचं औषध देऊन मग बीसीजी ही क्षयरोगाची लस टोचली, तेव्हा लसीला शरीराचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. सगळ्याच लसींबाबत असं ठाम म्हणता येत नाही, पण गोळी टाळायला कारणही उरत नाही.

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीच्या बागांत जमीन कायम ओली आणि सावलीतली. मजुरांची पोरं तिथे दिवसभर अनवाणी. उघड्यावर शौच होत असेल तर अंकुशकृमी (हुकवर्म) या जंताची अळी अशाच मातीत वाढते आणि थेट तळपायाच्या कातडीतून शिरते. पुढे रक्त पिते, पोरगं पांढरंफटक पडतं. म्हणून दीड वर्षाच्या बूस्टरला, म्हणजे लसीच्या पुढच्या डोसला, नेलं की त्याच खेपेला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस घ्या आणि जंताच्या गोळीचं विचारा. एक ते दोन वर्षांच्या पोराला अर्धीच गोळी, दोन चमच्यांच्या मध्ये चुरून पाण्यातून. ताप असेल तर त्या दिवशी नको.