पाटण्याच्या आरएमआरआयला दाखवायचंय (काळाआजारानंतरचे चट्टे), माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

पाटण्यात अगमकुआँला आयसीएमआरचं राजेंद्र मेमोरियल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, काळाआजारावर (वाळूमाशी चावून परजीवी अंगात गेल्याने होणारा तापाचा आजार) संशोधन आणि तिथेच पेशंटसाठी हॉस्पिटलही. महाराष्ट्रातून तिथे कोणी दाखवून आलंय का?

माझा धाकटा भाऊ पुलाच्या कामावर बिहारमध्ये सारण जिल्ह्यात होता, साइटवरच राहायचा. तिथे ताप धरला तो पंधरा दिवस उतरेना, प्लीहा वाढली, तपासणीत काळाआजार निघाला. लायपोसोमल अँफोटेरिसिनचं एकच सलाईन लावलं (सरकारी कार्यक्रमात २०१४ पासून तिकडे हेच देतात) आणि गडी ठणठणीत झाला. आता दोन-अडीच वर्षांनी हनुवटीवर नि ओठांच्या कडेने फिकट चट्टे आलेत. कोडासारखे पांढरेफटक नाहीत, नुसता रंग उतरल्यासारखे. खाज नाही, ताप नाही, भूक व्यवस्थित, त्यामुळे तो स्वतः काही मनावर घेत नाहीये.

इथल्या एका डॉक्टरांनी कोड म्हणून मलम दिलं, दुसऱ्यांनी कुष्ठरोग समजून सहा महिन्यांच्या गोळ्या चालू करू म्हटलं, आणि आधी काळाआजार झाला होता हे दोघांनाही आम्ही सांगितलं होतं तरी त्यावर कोणी पुढे विचारलंच नाही. मी घरी त्याला डोळे मिटायला लावून कापसाची वात चट्ट्यांवर टेकवून बघितली, दर वेळी त्याने बरोब्बर जागेवर बोट ठेवलं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुतेक वेळा स्पर्श कळत नाही ना? निदान घरी होत नसतं हे मान्य, पण मला हे पीकेडीएल वाटतंय, म्हणजे काळाआजार बरा झाल्यावर तेच परजीवी कातडीत राहून काही महिन्यांनी-वर्षांनी चट्टे उठतात ते. जिवाला धोका नाही, पण अशा माणसाला वाळूमाशी चावली तर तिच्यातून आजार पुढे जाऊ शकतो, म्हणून तर तिकडे अशा पेशंटांना शोधून औषध देतात. हे ‘नुसते डाग’ म्हणून सोडून द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

तर विचारायचं हे की बाहेरच्या राज्यातला पेशंट थेट ओपीडीत घेतात का, की इथल्या सिव्हिलची चिठ्ठी लागते? कातडीचा नमुना त्याच दिवशी घेतात का? आरके३९ ही काळाआजार तपासायची रक्ताची पट्टी आधी काळाआजार झालेल्याला बरं झाल्यावरही पॉझिटिव्ह येत राहते, त्यामुळे नुसत्या तिच्यावर मला भागवायचं नाहीये. आणि मिल्टेफोसिनचा बारा आठवड्यांचा कोर्स लागला तर औषध सोबत देतात, की मध्ये मध्ये यावं लागतं? डोळ्यांना त्रास होऊ शकतो म्हणे त्याने, मग इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासत राहिलं तर चालेल का?

पुणे-दानापूरने जायचा विचार आहे, पण दानापूर शहराच्या पश्चिमेला आणि अगमकुआँ पार पूर्वेला, तर राहायला कुठे सोयीचं पडेल तेही सांगा. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचा कोणाला अनुभव असेल तर तोही चालेल.

घरात त्याच्या लग्नाचं बघतायत, आणि कोड-कुष्ठरोग हे शब्द नातेवाइकांत आधीच फिरायला लागलेत. तो हल्ली रुमाल बांधूनच बाहेर पडतो. प्लीज, माहिती असेल तर लवकर लिहा, तिकीट काढायचंय.