प्रार्थनेला बसलं की प्रार्थना कमी आणि काळजीच जास्त होते, कोणाचं असं होतं का?

पहाटेची_जाग
सगळ्यांना जय ख्रिस्त. विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज विचारतेच. माझ्यावर काही मोठं संकट वगैरे नाहीये, रोजच्याच गोष्टी आहेत, मुलाचा अभ्यास, घराचा हप्ता, आईचे शुगरचे रिपोर्ट, ऑफिसात साहेब नुसतं "उद्या बोलू" म्हणाले तरी रात्रभर डोक्यात तेच. झोपायच्या आधी प्रार्थनेला बसते, डोळे मिटते, आणि प्रभू आईला बरं कर म्हणता म्हणता रिपोर्ट वाईट आला तर, अ‍ॅडमिट करावं लागलं तर, रजा कोण देणार, पैसे कुठून आणायचे, असं करत करत दहा मिनिटांनी लक्षात येतं की मी देवाशी बोलतच नाहीये, डोळे मिटून काळजी करत बसलेय. आमेन म्हणून उठते तेव्हा आधीपेक्षा जास्त घाबरलेली असते. बायबलमधलं फिलिप्पै ४:६ हे वचन लहानपणापासून पाठ आहे, कशाचीही चिंता करू नका, त्यामुळे अजूनच अपराधी वाटतं. कोणाला सांगितलं की म्हणतात विश्वास ठेव. ठेवतेच आहे की! पण रात्री साडेअकराला विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय?

खडकावरचं_घर
ताई, वचनं मोठ्याने म्हणा, मन स्थिर होतं. चिंता म्हणजे शेवटी अविश्वासच, आणि अविश्वास म्हणजे पाप. पश्चात्ताप करा आणि सोडून द्या.

जुना_वाचक
भाऊ, वचन मोठ्याने म्हणा हे पटलं, पण पापाचं एवढ्या लगेच बोलू नका, आधीच घाबरलेल्या माणसावर अजून एक ओझं कशाला. फिलिप्पैचं पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचंच बघा ना, "चिंता करू नका" लिहिणारा तोच, आणि २ करिंथ ११:२८ मध्ये सगळ्या मंडळ्यांची (चर्चची) चिंता रोज माझ्यावर आहे असं सांगणाराही तोच. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तोच १ पेत्र ५:७ मध्ये आहे, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका. टाका म्हटलंय म्हणजे ती आपल्याकडे असणार हे धरलेलंच आहे, नसती तर टाकणार काय?

आणि ताई, ४:६ अर्ध्यावर सोडू नका. चिंता करू नका म्हणून पौल थांबत नाही, पुढे म्हणतो प्रत्येक गोष्टीत प्रार्थना करून, आभार मानून, तुमच्या मागण्या देवाला कळवा. मग ७ व्या वचनात अडचण दूर होईल असं काहीही म्हणत नाही, देवाची शांती तुमची मनं राखील म्हणतो, आणि ते "राखील" मुळात सैनिकाच्या पहाऱ्याचा शब्द आहे. हे पत्र लिहिताना पौल स्वतः कैदेत होता, बाहेर पहारेकरी, खटल्याचा निकाल काय लागेल माहीत नाही. त्याने पहारा हाच शब्द निवडला हे मला फार मोलाचं वाटतं.

शांत_पाणी
पहाटेची_जाग ताई, तुम्ही लिहिलंय ते सेम माझं होतं, अगदी दहा मिनिटांसकट. मला फरक पडला तो बायबलमधल्या यहूदाच्या हिज्कीया राजामुळे. २ राजे १९ वाचा. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र येतं, इ.स.पू. ७०१ च्या सुमाराची गोष्ट, यरुशलेम घेतोच म्हणून, आणि हिज्कीया ते पत्र घेऊन मंदिरात जातो आणि देवापुढे पसरून ठेवतो. म्हणजे अक्षरशः उलगडून, हे बघ काय लिहिलंय. आणि प्रार्थना केवढीशी, चारपाच ओळी.

तेव्हापासून मी डोळे मिटून करतच नाही, वही घेते. एका काळजीला एक ओळ, आणि ती ओळ देवालाच लिहिलेली, "प्रभू, गुरुवारी रिपोर्ट येणार आहे, मला भीती वाटते." तेवढंच. पुढचं "मग असं झालं तर" आलं की ते वेगळी काळजी म्हणून खाली लिहायचं, पहिलीला जोडायचं नाही, कारण साखळी झाली की आपण प्रार्थनेतून बाहेर पडतो, हे मला खूप उशिरा कळलं. मग वहीवर हात ठेवून येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" म्हणते. आजची. इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तोही त्या त्या दिवसापुरता, उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे (शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट). उद्याच्या रिपोर्टसाठी लागणारं बळ आज रात्री मागून ठेवता येत नाही, ते उद्याच मिळतं. माझ्या घरी आजारपण निघालं तेव्हा हे मी अनुभवलंय, आदल्या रात्री अजिबात धीर नव्हता आणि सकाळी होता.

आणि तेच तेच मागितलं तर काय, अशी शंका येत असेल तर येशूने पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, मत्तय २६:४४.

मोहरीचा_दाणा
सगळं छान, थोडं शरीराचंही लिहितो. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही, देवदूत भाकर आणि पाणी देतो, तो झोपतो, परत उठवून खायला देतो. मग चाळीस दिवसांची वाट, आणि त्याच्याही नंतर गुहेत "इथे काय करतोस" हा प्रश्न. ताई, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, त्याने विश्वास कमी होत नाही. मी स्वतः गोळ्या घेऊन प्रार्थना केलीये आणि दोन्हीसाठी आभार मानलेत.

अजून एक. आपल्या भाषेत काळजी करणं आणि काळजी घेणं, शब्द एकच. पेत्राचं ते वचन मराठीत वाचताना मी एकदा अडकलोच, त्याच्यावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो. मी आईची काळजी करत होतो, फोन मात्र चार दिवस केला नव्हता.

पहाटेची_जाग
वाचता वाचता रडले. मोहरीचा_दाणा भाऊ, तुमची शेवटची ओळ लागली, आईला आत्ताच फोन केला, रिपोर्टचं काही बोललोच नाही, वीस मिनिटं नुसत्या गप्पा. जुना_वाचक दादा, ४:७ कडे असं कधी बघितलंच नव्हतं. झोप दोन महिन्यांपासून नाहीये, डॉक्टरांचं बघते या आठवड्यात. शांत_पाणी ताई, वही काढलीये. सात ओळी झाल्या, मला वाटलं होतं पन्नास होतील.

शांत_पाणी
सातच्या सात इथे लिहू नका, त्या तुमच्या आणि प्रभूच्या. फक्त गुरुवारची असेल ती सांगा, त्या दिवशी सकाळी मीही प्रार्थनेला बसते.

पहाटेची_जाग
गुरुवार नाही, शुक्रवार. सकाळी दहा.