महास्फोट शाळेत कसा शिकवायचा: निकाल सांगून की पुराव्यांसकट?

खडूफळा
मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं, 'सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोटातून विश्वाची सुरुवात झाली.' मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तेव्हा तिथे कुणीच नव्हतं, मग कळलं कशावरून?" मी 'पुढच्या तासाला सांगते' म्हणाले, आणि घरी आल्यावर ते मनाला फार लागलं. मुलीने विचारण्यासारखा एकच प्रश्न विचारला आणि तोच मी टाळला.

माझं मत: हा विषय वादासकट शिकवावा. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांना महास्फोट मान्य नव्हता. १९९३मध्ये त्यांनी जेफ्री बर्बिज यांच्यासह, विश्वाला अशी एकच सुरुवात नाही, अशी वेगळी मांडणीही केली. हे मुलांना का कळू नये?

पाटीपेन्सिल
साफ असहमत. हा वाद आता बरोबरीचा राहिलेला नाही. १९६५मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण, म्हणजे तप्त सुरुवातीची आता २.७ केल्विनपर्यंत निवलेली ऊब, सापडल्याचं जाहीर झालं, तिथेच पारडं फिरलं. पंधरा वर्षांच्या मुलांपुढे दोन सिद्धांत शेजारी शेजारी ठेवले की ती घरी जाऊन सांगतात, 'शास्त्रज्ञांनाच माहीत नाही.' मग व्हॉट्सअ‍ॅपवर येईल ते खरं. साठ मुलांच्या वर्गात मी हे होताना पाहिलंय.

ध्रुवमत्स्य
संशोधन हे माझं क्षेत्र, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८मध्ये स्थिर स्थितीचं विश्व (सुरुवात नसलेलं, कायम साधारण असंच दिसणारं) मांडलं ते हट्टापायी नव्हे. दीर्घिका किती लांब आहेत आणि किती वेगाने दूर जाताहेत, या खगोलशास्त्रज्ञ हबलच्या मोजमापांवरून तेव्हा विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षांच्या आसपास येत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत होते! आईपेक्षा लेक मोठी, असा तो पेच. १९५२मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडं यांनी दाखवलं की दीर्घिकांची अंतरंच आपण निम्मी धरत होतो. वेग तोच, अंतर दुप्पट, म्हणजे तिथवर जायला लागलेला काळही दुप्पट; अंतर वाढलं तसं विश्वाचं वयही वाढलं आणि पेच सैल झाला. चूक कुठे होती आणि ती कशी सापडली, हे नववीच्या मुलाला त्रैराशिकाने समजतं.

दुसरं म्हणजे आपला 'महास्फोट' हा शब्द. 'बिग बँग' हे नाव हॉईलनीच १९४९मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं. मराठीत आपण त्यात बारूद भरली. मुलांना वाटतं, काळ्याकुट्ट पोकळीत एका जागी बॉम्ब फुटला. प्रत्यक्षात अवकाशच ताणलं जातंय, त्याला मधली जागा नाही. फुग्यावर ठिपके काढून तो फुगवा. कुठल्याही ठिपक्यावरून पाहा, बाकीचे लांबच जातात. पाच मिनिटांचं काम आहे.

इंद्रायणीकाठ
ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात हे सगळं आधीच आलेलं आहे. तेही शिकवा की.

ध्रुवमत्स्य
सूक्त मलाही फार प्रिय आहे. पण ते शेवटी म्हणतं की वरून पाहणाऱ्यालाही हे ठाऊक असेल, किंवा नसेलही. ते प्रश्न विचारतं. त्यात २.७ केल्विन तापमान शोधणं हा त्या प्रश्नावरच अन्याय आहे. मराठीच्या तासाला जरूर वाचा.

खडूफळा
पाटीपेन्सिल, तुमचं एक म्हणणं पटलं. दोन्ही सिद्धांत आज सारख्याच तोलाचे आहेत असं मी सांगणार नाही. दुसरा का मागे पडला, ते सांगेन. पण नारळीकरांचं नाव गाळणार नाही. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी मान्य केलं नाही तरी त्यांनी आपलं म्हणणं गणित मांडून, निरीक्षणं दाखवून लढवलं. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करत.

पाटीपेन्सिल
माणूस मोठा, यात वाद नाही. माझी अडचण वेगळी आहे. प्रश्नपत्रिकेत 'विश्वाची सुरुवात कशातून झाली?' असं एका गुणाला येतं. तिथे हॉईल लिहिणाऱ्या मुलाला शून्य मिळेल आणि पालक माझ्याकडे येतील. आधी प्रश्नपत्रिका बदला, मग शिकवणं.

खडूफळा
घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मीच काढते. या वेळी तीन गुणांना विचारणार आहे: 'विश्व प्रसरण पावतंय, हे कशावरून?' परवाच्या तासाला फुगे नेतेय. त्या मुलीला पुढच्या बाकावर बोलावणार आहे.