विल्सन मॅककॉयचा वेताळ: खरंच 'वाया गेलेली एकोणीस वर्षं'?

शाईदौत

परवा इंद्रजाल कॉमिक्सच्या धाग्यावर एका सदस्यांनी लिहिलं, "खरा वेताळ साय बॅरीचा. त्याआधी मॅककॉयने काढला तो पोरकट. ती एकोणीस वर्षं वाया गेली." त्याखाली '+१'ची रांग लागली. (वेताळ म्हणजे मूळ अमेरिकन चित्रपट्टीतला 'फँटम', आणि मॅककॉय आणि बॅरी हे त्याचे एकामागोमागचे चित्रकार.) माझं उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा काढला.

मॅककॉयबद्दल मराठीत कुणी चार ओळी लिहिलेल्या मी वाचल्या नाहीत, तेव्हा आधी तेवढं. जन्म १९०२, मिसूरी. वेताळाचा लेखक ली फॉक, जादूगार मँड्रेकची चित्रं काढणारा फिल डेव्हिस, वेताळ पहिल्यांदा काढणारा रे मूर ही सगळी सेंट लुईसची मंडळी. मूर आधी डेव्हिसच्या हाताखाली होता, मग मॅककॉय मूरच्या हाताखाली आला. मूर युद्धावर गेला आणि १९४२पासून रोजची पट्टी मॅककॉयकडे आली. काही वर्षं काम याचं आणि छापलेलं नाव मूरचं, असंच चाललं. पुढे रविवारचं रंगीत पानही त्याच्याकडे आलं. सहा दिवस पट्टी, सातव्या दिवसाचं पान, आणि हे थेट १९६१पर्यंत. त्या वर्षी, वयाच्या ५९व्या वर्षी, तो गेला. इंद्रजाल सुरू झालं मार्च १९६४मध्ये. आपल्याकडची पोरं ज्याची चित्रं नवीकोरी म्हणून वाचत होती, तो माणूस तेव्हा हयातच नव्हता.

आता मुद्दा. मूरचा वेताळ देखणा होता, सावल्यांतून येणारा, गूढ. पण युद्धात कागद महागला आणि वर्तमानपत्रांतल्या पट्ट्या आकाराने लहान होत गेल्या. त्या आकारात सावल्यांचे नुसते काळे डाग होतात. मॅककॉयने रेष जाड केली, मागचा पसारा काढला, माणसं पुढे आणली. कोण कुठे उभा आहे, बंदूक कुणाच्या हातात आहे, दार कुठल्या बाजूला आहे हे त्याच्या चित्रात एका नजरेत कळतं. ऑस्ट्रेलियात १९४८पासून फ्रू प्रकाशनाचे अंक, स्वीडनमध्ये १९५०पासून 'फँटोमेन'. वेताळ अमेरिकेबाहेर रुजला त्या काळात नवी येणारी पानं मॅककॉयची होती. वाया गेलेल्या वर्षांत असं होत नाही.

कुंचला७२

ते वाक्य माझंच, आणि मी ते मागे घेत नाही.

मी उपयोजित कला शिकलोय, हाडं-स्नायू काढून काढून बोटं झिजवलीत. मॅककॉयच्या वेताळाला खांदे आहेत, मान नाही. धावतो तेव्हा पाय एकीकडे आणि धड भलतीकडे. बायका सगळ्या एका चेहऱ्याच्या, फक्त केस बदलायचे. घोड्याबद्दल तर न बोललेलंच बरं, गुडघे कुठे वळतात हे त्या माणसाने कधी पाहिलंच नसावं. बॅरीने १९६१मध्ये काम हाती घेतलं आणि शहर शहरासारखं दिसायला लागलं, कपड्यांना घड्या पडल्या, माणसांना वजन आलं. १९९४पर्यंत त्याने ते सांभाळलं.

आणि पट्टी लहान झाली हे कारण मला सांगू नका. त्याच काळात, वेताळाची पट्टी वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या त्याच किंग फीचर्ससाठी, तेवढ्याच जागेत अ‍ॅलेक्स रेमंड 'रिप किर्बी' ही पट्टी काढत होता. त्याच्या रेषेचे कुठे डाग झाले?

शाईदौत

रिप किर्बीला रविवारचं पान नव्हतं, फक्त पट्टी होती. मॅककॉय दोन्ही ओढत होता. शिवाय रेमंडशी तुलना केली तर त्या पिढीतले निम्मे चित्रकार बाद होतात. मी मॅककॉयला रेमंड म्हणतच नाहीये. त्याला गोष्ट सांगता येत होती एवढंच म्हणतोय, आणि त्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. मान, गुडघे, घड्या. गोष्ट कुठेय?

मधुमालती_इंदूर

मला चित्रकलेतलं कळत नाही, पण एक सांगते. आमच्याकडे घरात मराठी आणि शाळेत सगळं हिंदी. मामा पुण्याहून येताना इंद्रजालचे मराठी अंक आणायचा. अक्षरं ओळखीची होती, पण छापील मराठी अंगावर यायची. निम्मे शब्द अडायचे, तेव्हा मी चित्र बघून अंदाज बांधायची. जुन्या अंकांत तो अंदाज नेहमी बरोबर यायचा. नंतरच्या, जास्त सुंदर चित्रांच्या अंकांत मी सारखी मामाला विचारायची की हा कोण, हा मगाचाच का. माझं मराठी वाचन त्या जाड रेघांवर झालंय. पोरकट म्हणा हवं तर, मी तेव्हा पोरच होते आणि अंक पोरांसाठीच होते.

कुंचला७२

मधुमालतीताई, तुमच्या आठवणीबद्दल आदर आहे. पण लहानपणी आवडलं म्हणजे चांगलं, हा निकष लावला तर कशावरच बोलता येणार नाही.

रानवाटा

तुम्ही दोघं मान आणि घोडा यांवर भांडताय आणि कुणी वेताळाच्या जंगलातल्या बांडर या बुटक्या लोकांकडे बघतच नाहीये. सगळ्या बुटक्यांना एकच चेहरा, जाड ओठ, गोल डोळे. एक गोरा माणूस कवटीच्या गुहेत दगडी सिंहासनावर बसलाय आणि चारशे वर्षं अख्खं जंगल त्याच्या बापजाद्यांपुढे वाकतंय. मॅककॉयकडे जवळपास वीस वर्षं होती. एकदा तरी बांडरांच्या प्रमुखाला, गुरानला, माणसासारखा काढायचा! बॅरीच्या काळात डॉक्टर लुआगा आला, सुटाबुटातला, शिकलेला, देशाचा अध्यक्ष. तेव्हा कुठे त्या जंगलात दुसरं कुणी माणूस दिसलं. माझ्या मुलाला मी मॅककॉयचे अंक देणार नाही.

शाईदौत

लुआगा फॉकने लिहिला, बॅरीने फक्त काढला. आफ्रिकेतले देश स्वतंत्र व्हायला लागले म्हणून फॉकने काळ ओळखला, त्याचं श्रेय चित्रकाराला कसं? बांडरांचे चेहरे मूरने १९३६मध्ये ठरवले, तेच पुढे चालले.

रानवाटा

वा! चांगलं असेल ते मॅककॉयचं, वाईट असेल ते मूरचं आणि फॉकचं. मूरचा वेताळ त्याने आमूलाग्र बदलला असं तुम्हीच वर लिहिलंय. रेष बदलता आली, मागचा पसारा काढता आला, माणसांचे ओठ तेवढे बदलता आले नाहीत?

शाईदौत

चेहऱ्यांबाबत तुमचं बरोबर आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यावरून 'एकोणीस वर्षं वाया' हे सिद्ध होत नाही.

जुनेअंक_कोल्हापूर

अवांतर होतंय पण लिहितो. तुम्ही सगळी आतल्या पानांवर भांडताय, अंक विकला जायचा कव्हरवर. आमच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर अंक टांगलेले असायचे. त्यातला वेताळ मॅककॉयचा बी नव्हं आणि बॅरीचा बी नव्हं. तो गोविंद ब्राह्मणियांचा. रंगवलेलं कव्हर, त्यात वाघ असा अंगावर यायचा की मागं सरकावं वाटायचं. आत बघितलं की साध्या रेघा. पण तोवर पैसे दिलेले असायचे. ह्या माणसाबद्दल एक तरी धागा आहे का इथं? पुढं १९७६ला आबिद सुरतींच्या लेखणीतनं बहादूर आला, त्याची चित्रं काढली ती पण गोविंदांनीच. अमेरिकेतल्या माणसाला न्याय द्यायला रात्री जागताय, आणि आपल्या मुंबईत बसून जो रंगवत होता त्याचं नाव निम्म्या लोकांना ठाऊक नाही. माझ्याकडं सुरुवातीचे बरेच अंक आहेत, कव्हरसकट, कोरे.

शाईदौत

गोविंदांवर जरूर धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. हा मॅककॉयचा आहे.

पुस्तकवेडा

जुनेअंक, बरं झालं आलात. तुमच्यासारख्या लोकांमुळेच हे अंक कुणाला वाचायला मिळत नाहीत. रद्दीवाल्याकडून किलोवर उचलायचे, प्लास्टिकमध्ये घालायचे आणि एका अंकाला पगाराएवढी किंमत सांगायची. गेल्या वर्षी मी एका संग्राहकाला फक्त चार पानांचे फोटो मागितले, उत्तर आलं, "अंक उघडला की शिवण सुटते." मग ठेवलेत कशाला?

जुनेअंक_कोल्हापूर

तो मी नव्हं. आणि किलोवर उचलले म्हणता, तर ते रद्दीत घातले कुणी? तुमच्याआमच्या घरच्यांनीच की. मी उचलले नसते तर त्यात शेंगदाणे बांधून गेले असते. शिवण खरंच सुटते. पिना गंजतात, कागद पिवळा पडून कडेनं तुटतो. चाळीस वर्षं सांभाळायचं, पावसाळ्यात उन्हाची वाट बघत बसायचं आणि वर शिव्या खायच्या.

पुस्तकवेडा

मग स्कॅन करून टाका. एकदा उघडा, सगळ्यांना मिळेल.

जुनेअंक_कोल्हापूर

हक्क काय तुमच्या काकांचे हायत?

रानवाटा

व्यक्तिगत नको. (आणि स्कॅनच्या बाजूने मीही आहे.)

निगेटिव्ह

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी अनेक वर्षं एका छापखान्यात प्रोसेस विभागात होतो, रिटचिंगला. इंद्रजालचं काम आमच्याकडे नव्हतं, पण परदेशी चित्रकथा मराठीत करण्याचं काम मी हाताने केलंय, त्यावरून सांगतो.

चित्रपट्टी आडवी, पुस्तकाचं पान उभं. रोजच्या पट्टीची पहिली चौकट बहुधा कालचं काय झालं ते सांगण्यासाठी असते, ती आधी उडवायची. उरलेल्या चौकटी पानावर बसवताना काही कडेने कापायच्या आणि काही वाढवायच्या. वाढवायच्या म्हणजे जिथे मूळ चित्र संपतं तिथून पुढे आम्ही काढायचं. झाडाची फांदी, भिंत, कधी कधी माणसाचा कोपरापासून खालचा हात. मराठी मजकूर फुग्यात मावला नाही की फुगा मोठा करायचा, म्हणजे पांढऱ्या रंगाने कुणाचा तरी खांदा झाकायचा. इंद्रजालच्या पानांवर अशा जागा मला डोळे मिटून दाखवता येतील. तिथले संपादक मजकुरातही हात घालायचे, वेताळाच्या देशाचं नाव बेंगाली होतं त्याचं डेंकाली केलं, वेताळाच्या बापाचा खुनी रामा होता त्याचा रामालू केला. चित्रांना हात लावायला ते कचरले असतील असं मला वाटत नाही.

तेव्हा कुंचला साहेब, तुम्ही मान नाही म्हणता ती कुठल्या कागदावर बघितली? मूळ पट्टीत की इंद्रजालमध्ये?

कुंचला७२

इंद्रजालमध्येच. लहानपणी दुसरं काय मिळणार होतं?

निगेटिव्ह

मग त्यातले काही वाकडे हात माझ्यासारख्या कुणा पगारी माणसाचे असणार. सकाळी दहाला पान यायचं आणि संध्याकाळी प्लेटला जायचं. आम्ही काही शरीरशास्त्र शिकलेलो नव्हतो. आणि याच कारणाने मी शाईदौत यांच्या बाजूने आहे. ज्या चित्रात सगळं बारीक रेषांवर उभं असतं ते कापलं की मरतं. एकदा असंच एक देखणं काम हाताखालून गेलं, सावलीत बसलेला माणूस फुग्याखाली गेला आणि गोष्टच कळेना. जाड रेषेचं साधं चित्र चारी बाजूंनी छाटलं, खराब कागदावर छापलं, रंग सरकला, तरी वाचता येतं.

कुंचला७२

बॅरीची पानंही इंद्रजालने कापलीच ना? ती तर टिकली.

निगेटिव्ह

टिकली, पण मधुमालतीताई काय म्हणाल्या ते पुन्हा वाचा. हा कोण, हा मगाचाच का.

मधुमालती_इंदूर

मला वाटायचं मलाच कळत नाही.

कुंचला७२

काल रात्री मूळ पट्ट्यांचं पुनर्मुद्रण एका मित्राकडून मिळवून बघितलं, पन्नाशीच्या दशकातलं. मान आहे. बारीक आहे, पण आहे. चौकटींची मांडणी माझ्या समजुतीपेक्षा बरी आहे. एका पाठलागात वेताळ सलग चार चौकटी डावीकडून उजवीकडेच जातो, दिशा कुठे चुकत नाही. हे विद्यार्थ्यांना शिकवताना माझा घसा बसतो. 'वाया गेली' हे शब्द जास्त झाले, तेवढं मान्य. घोडा मूळ पट्टीतही तसाच आहे, त्याला कुठल्या रिटचिंगवाल्याने हात लावलेला नाही. आणि बॅरी श्रेष्ठ, यावर मी ठाम आहे.

रानवाटा

आणि बांडर?

कुंचला७२

ते मूळ पट्टीत अजून वाईट आहेत.

शाईदौत

घोडा तुम्हाला दिला. आता त्या पाठलागाची पानं इंद्रजालमध्ये कशी कापली ते ताडून बघायचंय. त्यासाठी सुरुवातीचे अंक लागतील. जुनेअंक, आहात का?

जुनेअंक_कोल्हापूर

आहे. अंक घराबाहेर जाणार नाहीत. कोल्हापूरला या, हात धुऊन बसा, मी स्वतः पानं उलटून दाखवतो. पुस्तकवेडा यांनी पण यावं. फोटो काढू देईन, पण कव्हरांचे आधी, आणि फोटोखाली गोविंदांचं नाव लिहायचं.