जैवअभियांत्रिकीतील प्राध्यापक आणि विभागप्रमुख: या वाटेवर प्रत्यक्षात काय करावे लागते?

तृतीय वर्ष, मेकॅनिकल (नाशिक):
मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे द्रव आणि वायूंच्या प्रवाहाचे शास्त्र, हा माझा आवडता विषय आहे. पुढे रक्तप्रवाहावर संशोधन करून जैवअभियांत्रिकीत प्राध्यापक व्हावे, असे मी मनाशी पक्के केले आहे. वडिलांचा विरोध नाही, परंतु मेकॅनिकलची मुलगी शरीरशास्त्राच्या क्षेत्रात कशी टिकेल, ही त्यांची काळजी मला खोडून काढता येत नाही. विद्यापीठांच्या परिचयपत्रांत सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, विभागप्रमुख अशी नुसती पदे लिहिलेली असतात. त्या पदांवर माणूस नेमके काय करत असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड:
वडिलांना वाय. सी. फंग यांच्याविषयी अवश्य सांगा. त्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पीएच.डी. मिळवली, ती विमानशास्त्रात. पुढे तेथेच अध्यापन करताना विमानाच्या पंखांची कंपने आणि त्यांवरील हवेचा दाब हाच त्यांचा अभ्यासविषय होता. मायदेशी, चीनमध्ये असलेल्या त्यांच्या आईला काचबिंदू झाला, तेव्हा त्या विकारावरचे नवे लेख वाचून त्यांचा अनुवाद ते तिच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवू लागले आणि त्या वाचनातून शरीरक्रियाशास्त्राची ओढ वाढत गेली. १९६६ मध्ये प्रस्थापित नाव मागे ठेवून ते सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. रक्तवाहिन्या, फुप्फुसे आणि त्वचा ताणली असता त्या ऊती कशा वागतात, हे त्यांनी गणिताने मांडले. आज जैवयांत्रिकीचे जनक म्हणून त्यांचाच उल्लेख होतो. तेव्हा मेकॅनिकलची पदवी हा या क्षेत्रात अडसर नाही. शरीरक्रियाशास्त्र मात्र वैद्यकीय विद्यार्थ्याच्या गांभीर्याने शिकावे लागेल, त्यात सवलत नाही.

विभागप्रमुखाच्या कामासाठी त्याच विद्यापीठातील शू चिएन यांचे उदाहरण घ्यावे. ते मूळचे वैद्यकीय पदवीधर. कोलंबिया विद्यापीठात दीर्घकाळ शरीरक्रियाशास्त्र शिकवून १९८८ मध्ये ते सॅन डिएगोला आले आणि १९९४ मध्ये तेथे जैवअभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख झाले. म्हणजे एक जण अभियांत्रिकीकडून आला, दुसरा वैद्यकाकडून, आणि विभाग उभा राहिला तो दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बसवून. माझ्या मते प्रमुखाचे खरे काम हेच आहे. कोणाला नेमायचे, प्रयोगशाळेची जागा कोणाला द्यायची, अभ्यासक्रमात गणित किती आणि जीवशास्त्र किती, हे निर्णय त्याच्या स्वतःच्या शोधनिबंधांपेक्षा अधिक काळ टिकतात. प्रमुखाचा मोठेपणा मी तरी त्याच्या हाताखाली स्वतंत्र झालेल्या तरुण अध्यापकांवरून मोजतो.

पीएच.डी. संशोधक, मूळ सिडको, नाशिक:
सरांच्या उत्तराला व्यवहाराची थोडी जोड देतो. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, तथापि अनेक ठिकाणी मेकॅनिकलचा गेटही चालतो; त्या त्या वर्षीची प्रवेशाची जाहिरात बारकाईने वाचावी. आयआयटी मुंबईत जीवशास्त्र आणि जैवअभियांत्रिकीचा एकत्र विभाग आहे, तर आयआयटी दिल्लीचे बायोमेडिकल केंद्र एम्सच्या सहकार्याने चालते.

पीएच.डी.नंतर बहुतेकांना काही वर्षे पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन, करावे लागते. सर्वांत कठीण काळ त्यानंतरचा, सहायक प्राध्यापकपदाचा असतो. प्रयोगशाळा रिकामी असते, पहिले विद्यार्थी नवखे असतात, अनुदानाचे प्रस्ताव नाकारले जातात आणि शिकवण्याचा भार तर पहिल्या दिवसापासून असतो. अमेरिकेत साधारण सहाव्या वर्षी कायम नेमणुकीचा निर्णय होतो. तो प्रतिकूल गेला तर ती नोकरी सोडावी लागते. आपल्याकडे विभागप्रमुखपद बहुधा आळीपाळीने, तीनएक वर्षांसाठी येते, त्यामुळे ते बढतीपेक्षा जबाबदारीच अधिक असते. प्रमुख असतानाही विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासायचे असतात, म्हणून अनेकांचे संशोधन त्या काळात मंदावते.

हृदयरोगतज्ज्ञ, गंगापूर रोड:
तुमच्या विषयाशी थेट जुळणारे भारतीय काम म्हणजे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची कृत्रिम हृदयझडप. शल्यचिकित्सक वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर आणि अभियंते यांनी ती मिळून घडवली. आधीचे नमुने चाचण्यांत अपयशी ठरले तरी काम थांबले नाही आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. झडपेतून रक्त जाताना ते कोठे साचते, कोठे गुठळी होते, हे प्रश्न तुमच्या फ्लुइड मेकॅनिक्सचेच आहेत.

तृतीय वर्ष, मेकॅनिकल (नाशिक):
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. फंग यांची हकिकत आज वडिलांना वाचून दाखवली. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी झडपेतील प्रवाहाचे संगणकीय प्रारूप करावे, असा विचार आहे. रक्ताला पाण्यासारखे न्यूटनी द्रव, म्हणजे प्रवाहाच्या वेगाने ज्याचा दाटपणा बदलत नाही असा द्रव, मानून सुरुवात केली तर चालेल का?

निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड:
झडप आणि महाधमनीसारख्या मोठ्या वाहिन्यांसाठी चालेल, कारण तेथे कर्तनाचा दर (द्रवाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर) बहुतांश ठिकाणी पुरेसा मोठा असतो. मात्र स्निग्धता (दाटपणा) पाण्याची न घेता रक्ताची, म्हणजे पाण्याच्या तीन ते चार पट घ्या, आणि प्रवाह स्थिर न धरता स्पंदनशील ठेवा. झडपेमागे रक्त मंदावते त्या भागापुरती न्यूटनी आणि अन्यूटनी (दाटपणा बदलणाऱ्या द्रवाचे) अशा दोन्ही प्रारूपांची तुलना प्रकल्पात जरूर करा.